झिऱ्यावरची रांग

जालना सोडायचं ठरलं तेव्हा मी तीन याद्या केल्या. सोबत न्यायच्या वस्तू, वाटून टाकायच्या वस्तू आणि मिस्टरांना पटवायचे मुद्दे. पहिल्या दोन याद्या दोन दिवसांत संपल्या. तिसरी सगळ्यांत लहान होती, पण तिला सव्वा वर्ष लागलं.

मी सव्वीस वर्षं एका बियाणं कंपनीच्या गोदामात स्टॉक सांभाळला. कोणत्या लॉटच्या किती पिशव्या आल्या, किती गेल्या, कोणती थप्पी आधी हलवायची, हे माझं काम. वर्षातून दोन वेळा मला गोदामाबाहेर पडता यायचं. मिरची, भेंडीचं बियाणं तयार करायचं तर आसपास दुसऱ्या जातीचं पीक असून चालत नाही, परागकण मिसळतात. असे एकटे तुकडे डोंगरातच मिळतात. जाफराबाद ओलांडलं की अजिंठ्याच्या रांगेचे फाटे सुरू होतात, तिथल्या एका उतारावर आमचे प्लॉट होते. झाडांची मोजणी लिहायला मला जीपमधून नेत. मोजणी दुपारपर्यंत संपायची आणि मी उगाचच दुसऱ्यांदा मोजायला घ्यायची.

लोक विचारतात, शहर का सोडलं. गोदामातल्या औषधी भुकटीचा वास, रोलिंग मिलची धूळ, घरासमोर दिवसभर वळणारे ट्रक, अशी कारणं मी देते. खरी आहेत, पण ती नसती तरी मी गेलेच असते. मला त्या डोंगरात राहायचं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी माणसानं आपल्याला काय पाहिजे ते सरळ सांगावं, असं माझं मत आहे.

मिस्टर शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं आयुष्य नीट बसलेलं होतं. सकाळी पेपर, मग नाक्यावरच्या हॉटेलात चहा, तिथं पेपरवर चर्चा, संध्याकाळी पुन्हा चहा. ते म्हणाले, "डोंगरात पाणी नाही."

"जालन्यात कुठं आहे? आठवड्यातून एकदा नळ आला तर आपण शेजारणीला हाका मारतो."

"पण येतो ना. तिथं यायला नळच नाही."

शेवटी त्यांनी अट घातली. एक उन्हाळा काढून बघायचा. त्या उन्हाळ्यात एकदा जरी टँकर मागवावा लागला, तर सामान बांधून जालन्याला परत. मी अट वहीत लिहिली, खाली दोघांनी सह्या केल्या. त्यांनी हसत केली, मी हसले नाही. जालन्याचं घर त्यांनी भाड्यानं द्यायला नकार दिला आणि पेपरही बंद केला नाही. तो रोज बंद दाराशी पडायचा, शेजारचे उचलून ठेवायचे आणि महिन्यातून एकदा मिस्टर जाऊन गठ्ठा घेऊन यायचे. महिनाभर जुन्या बातम्या ते क्रमानं वाचायचे. तो पेपर म्हणजे त्यांचं परतीचं तिकीट होतं.

वीस गुंठे जमीन, दोन खोल्या, पत्र्याची पडवी. दिवाळीआधी राहायला आलो. वस्तीत आमच्याशिवाय सात घरं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, बोअरला बारा महिने पाणी असतं. बोअरनं जानेवारी संपता संपता हात टेकले.

वस्तीतली सगळी घरं ओढ्यातल्या झिऱ्यावर जात होती. कपारीखाली दगडांनी बांधलेला गुडघाभर खोल खड्डा. कपारीतून पाणी थेंबथेंब झिरपतं आणि खड्ड्यात साठतं. वाटीनं उपसून घागरीत ओतायचं. तीन-चार घागरी भरल्या की तळ दिसतो, मग पुन्हा साठेपर्यंत थांबायचं. टेंभुर्णीच्या बाजारातून मी चार घागरी आणल्या, त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ते चार आकडे घातले. झिऱ्यालगतच्या उंबराखाली खाला बसलेली असायची, सगळे तिला खाला, म्हणजे मावशीच म्हणत. वस्तीतली सगळ्यांत वयस्कर बाई, तिच्या शेळ्या त्या ओढ्यात चरायच्या. आकडे पाहून ती म्हणाली, "घागर है के एसटी?"

मी सकाळची आवराआवर करून दहाला जायची. तेव्हा झिऱ्यावर खालाशिवाय कोणी नसायचं. उंबराखाली काही भरलेल्या घागरी फडक्यानं झाकलेल्या आणि खड्ड्याच्या कडेला रिकाम्या भांड्यांची एक रांग. कुणाची प्लास्टिकची, कुणाचा पितळी हंडा, कुणाच्या गळ्याला लाल चिंधी. मला वाटलं, लोक भांडी इथंच ठेवत असावेत, कोण रोज डोक्यावर ने-आण करणार. मी माझ्या चार घागरी भरायची, दोन खेपांत घरी न्यायची. सोपं काम होतं. रोजच्या यादीत त्यावर बरोबरची खूण पहिली पडायची.

होळीनंतर पाणी उतरलं. दहाला गेलं की खड्ड्याचा तळ दिसायचा आणि रिकाम्या भांड्यांची रांग आणखी लांब झालेली. मी तासभर बसायची, दोन घागरी मिळायच्या. एक दिवस एक. घरी येऊन मी निष्कर्ष लिहिला: पाणी आहे, व्यवस्था नाही.

व्यवस्था लावणं मला येतं. आठ घरं, प्रत्येकी अर्धा तास, सकाळी सहापासून दहापर्यंत. कुणाचं घर लांब, कुणाकडे लहान मूल, हे बघून वेळा दिल्या. आमची पाळी मी मुद्दाम शेवटची ठेवली, पक्षपात नको म्हणून. जाफराबादला जाऊन टाइप करून घेतलं, लॅमिनेशन केलं आणि उंबराच्या खोडाला ठोकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका समोर उभ्या होत्या.

खाला म्हणाली, "पढके सुनाओ बाई. चष्मा घर पे है."

मी वाचून दाखवलं. शेजारची सून, कांदा काढणीच्या टोळीत कामाला जाणारी, तिनं विचारलं, "मॅडम, हे पंचायतीकून आलं का?"

"नाही, मी केलंय. सगळ्यांना बरोबर पाणी मिळावं म्हणून."

"अच्छा," ती म्हणाली आणि कागदाकडे बघत राहिली.

मला वाटलं होतं भांडण होईल. उत्तरं तयार होती. पण कुणी काही म्हटलं नाही, सगळ्या वेळेवर यायला लागल्या. मी खूश. मिस्टरांना म्हटलं, "बघा. लोकांना शिस्त आवडते, कुणीतरी लावून द्यावी लागते."

मिस्टर त्या वेळी मार्चचा पेपर वाचत होते. ते म्हणाले, "हं."

हे "हं" मी ओळखायला हवं होतं. तीस वर्षांच्या संसारात ते असं "हं" फक्त दोन वेळा म्हणाले होते आणि दोन्ही वेळा मी चुकले होते.

बारा दिवसांत व्यवस्था कोलमडली. मी वेळ सारखी वाटली होती, पाणी तर सारखं येत नव्हतं. एकीनं सहाला खड्डा उपसला की साडेसहाच्या बाईला चिखल. ती अर्धा तास बसायची, एक कळशी गढूळ पाणी घेऊन उठायची. तोवर तिसरी आलेली. पूर्वी झिऱ्यावर शांतता असायची, आता कुरबुर ऐकू यायची. शेवटच्या पाळीला, म्हणजे मला, अर्धी घागर मिळायला लागली. घरातला दोनशे लिटरचा ड्रम खाली खाली गेला. मी आंघोळी दिवसाआड केल्या. भांडी राखेनं घासून नुसती पुसायला लागले. भाजी धुतलेलं पाणी लिंबाच्या रोपाला. सगळं यादीत होतं, यादी पाळली जात होती आणि ड्रम तरीही खाली जात होता.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी ड्रममध्ये वाटी घातली तर बुडाला लागली. घरात दीड घागर उरली होती. मिस्टर मोबाइल घेऊन अंगणातल्या मोठ्या दगडावर उभे होते. आमच्याकडे रेंज तिथंच येते.

"जाफराबादच्या टँकरवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे," ते म्हणाले. आवाजात विजय नव्हता, तेच मला जास्त लागलं. "हट्ट किती करायचा? केला आपण प्रयत्न."

"माझी पाळी साडेनऊची आहे. जाऊन येते. मग बघू."

मी चारही घागरी घेऊन गेले. झिऱ्यावर शेजारची सून बसलेली, खड्ड्यात दोन बोटं पाणी. तिची पाळी साडेसातची, वाजले होते सव्वानऊ.

"अजून इथंच? कामाला नाही गेलीस?"

ती वर न बघता वाटी खरवडत राहिली. "सातला गाडी निघती टोळीची. साडेसातची पाळी दिली तुम्ही. ह्या हप्त्यात काढणी लागली, तवापून चार दिस झाले, गाडी निघून जाऊन राह्यली. आता मुकादम म्हणला, येऊच नको."

"मग सांगायचं ना! वेळ बदलून दिली असती."

"छापील कागद हाय. प्लास्टिक मारेल. आम्हाला वाटलं, सरकारीच असंल, मॅडम उगी आपलं नाव सांगू राह्यल्या."

उंबराखालून खाला बोलली. "पानी कू घडी कळती क्या बाई? तुम आए, घडी बांधे. पहले एक भी औरत इधर बैठती नहीं थी."

"बसायची नाही, मग पाणी कसं भरायच्या?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सून हसली, चार दिवसांची मजुरी गेलेली बाई हसली. मग तिनं मला ते सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं.

झिऱ्यावर येणाऱ्यानं आपलं भांडं भरायचंच नसतं. रांगेत पुढं जे रिकामं भांडं असेल, कुणाचंही असो, ते भरायचं आणि सावलीत झाकून ठेवायचं. आपलं रिकामं रांगेच्या शेवटी ठेवून कामाला निघून जायचं. दोन रिकामी आणली तर पुढची दोन भरायची. खड्ड्यात पाणी कमी असलं तर असेल तेवढंच भरायचं, उरलेलं पुढच्यानं. शेतावर जाताना, येताना, शेळ्यांमागं हिंडताना, जो ज्या वेळी येईल तो भरेल. दुपारी परतताना आपलं भांडं भरलेलं सापडतं, ते उचलून न्यायचं. कुणी वाट बघत बसत नाही. पाणी जसं झिरपतं तसा हात लागत राहतो, थेंब वाया जात नाही.

मी सव्वीस वर्षं गोदामात काम केलं आहे. जो माल आधी आला तो आधी बाहेर काढायचा, हा आमचा पहिला नियम. इथं तोच नियम कागदाशिवाय चालला होता आणि मी त्याला अव्यवस्था म्हणून वहीत नोंदवलं होतं. तेवढंच नाही. जानेवारीपासून मी रोज येऊन, रांगेतली सगळी भांडी तशीच ठेवून, फक्त माझी चार भरून नेत होते.

"मला कुणी बोललं कसं नाही?"

सून म्हणाली, "तुम्ही शिकेल बाई. आम्हाला वाटलं, तुमच्याकडं तसंच राहत असंल."

मी आधी कागद काढला. लॅमिनेशन फाटत नाही, खिळे उपटावे लागले. मग खड्ड्याजवळ बसले. सुनेला म्हटलं, "तू जा. काम बघ कुठं मिळतं का. हे मी भरते."

"आन् तुमची पाळी?"

"पाळी बिळी काही नाही आता."

पाळीत न भरलेली भांडी बायका कडेला तशीच ठेवून गेल्या होत्या, त्यांत सगळ्यांत पुढं तिचीच दोन होती. ती भरली. मग लाल चिंधीवाली. मग पितळी हंडा, तो भरता भरेना. वाटी, थांबणं, पुन्हा वाटी. खाला मधूनमधून हाक मारायची, "जल्दी मत करो, चिखल उठेगा." माझ्या घागरी चार, म्हणून चार भांडी भरली की माझं काम संपलं असतं. पण मागचा हिशोब मोठा होता. मी सातवं भांडं भरून उठले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, पाठ धरली होती. रांगेत पुढं अजून पाच भांडी होती. त्यांच्या मागं मी माझ्या एक ते चार नंबरच्या घागरी ठेवल्या, रिकाम्या.

आणि तशीच घरी निघाले.

ती चढण मी आजवर भरलेली घागर घेऊन शंभर वेळा चढले असेन. रिकाम्या हातानं ती जड गेली. घरी दीड घागर पाणी, भर उन्हाळा, दगडावर टँकरवाल्याचा नंबर घेऊन उभा असलेला नवरा, आणि माझ्याजवळ दाखवायला काही नाही. वाटेत दोन वेळा मागं वळून बघितलं. परत जाऊन निदान एक भरून आणावी, असं वाटलं. नाही गेले. गेले असते तर सगळं पुन्हा जानेवारीपासून सुरू झालं असतं.

मिस्टरांनी माझ्या हातांकडे बघितलं. "घागरी?"

"झिऱ्यावर. रांगेत."

"म्हणजे लावू फोन?"

"नाही. संध्याकाळपर्यंत थांबा. संध्याकाळी घागरी रिकाम्या असतील तर फोन मीच लावेन, सामानही मीच बांधेन."

ते दगडावरून उतरले आणि मोबाइल खिशात घातला.

दीड घागरीची यादी मी पाटीवर खडूनं केली. प्यायला एवढं, स्वयंपाकाला एवढं, संध्याकाळच्या चहाला एक तांब्या. दुपारी पिठलं-भाकरी केली, कारण त्याला सगळ्यांत कमी पाणी लागतं. मिस्टरांनी ताट भाकरीच्या तुकड्यानं इतकं पुसून घेतलं की धुवायचं उरलं नाही.

सहाला आम्ही दोघं गेलो. उंबराखाली एक, दोन आणि तीन नंबर भरलेले होते, प्रत्येकावर करंजाचा पाला. चार नंबर अर्धा. कुणीतरी जेवढं होतं तेवढं भरून निघून गेलं होतं. रांगेत पुढं दुसऱ्या कुणाची तरी दोन भांडी आलेली. मी वाकले तर मिस्टर आधीच वाटी घेऊन खड्ड्याशी बसले होते. पहिलं भांडं पुढं ओढलं आणि सराईतपणे, गाळ न उठवता भरायला लागले.

मी विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी वाटी थांबवली नाही. "सकाळी फिरायला येतो ना मी इकडं."

"कधीपासून माहीत आहे?"

"फेब्रुवारी."

"फेब्रुवारीपासून! आणि मी लॅमिनेशन करून आणलं तेव्हा 'हं' म्हणालात!"

"मग काय म्हणणार? सांगितलं असतं तर टँकर कधीच लागला नसता."

उंबराखालून खालाचा हसण्याचा आवाज आला. ती म्हणाली, "सर रोज चार भरते थे. तुम्हारे नाम के. वो कागद लगा, फिर बंद."

मी मिस्टरांकडे वळले. ते मान खाली घालून म्हणाले, "तू रोज चार नेत होतीस. कुणीतरी चार भरायला नकोत? उद्या तुला कुणी झिऱ्यावरून उठ म्हटलं असतं तर ते मला ऐकवलं नसतं. टँकर लागला तर लागू दे, पण तसं नको."

माणसाला हरवायचंही असतं आणि हरताना बघवतही नाही. मी दुसरं भांडं पुढं सरकवलं.

सुनेच्या मुकादमाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडीवर जाऊन भेटले. कागद माझा होता, चूक माझी होती, तिच्यावर राग धरू नका, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पंचायतीत हाय का?" मी म्हटलं, नाही, आणि यापुढं कधीही काही छापून लावणार नाही. त्यानं तिला गाडीत घेतलं. ती अजूनही मला मॅडमच म्हणते. बारा दिवसांतली तिची चार दिवसांची मजुरी मी देऊ केली, तिनं घेतली नाही. त्याऐवजी म्हणाली, पोराच्या शाळेच्या दाखल्याचे कागद नीट लावून द्या. ते मात्र मला येतं.

मे कठीण गेला. झिरा एवढा बारीक झाला की एक घागर भरायला तीन माणसांचे हात लागायचे. सकाळी ठेवलेली घागर रात्रीच्या जेवणाआधी मिळायची, काही दिवस मिळालीही नाही. दोन वेळा मिस्टर दगडावर चढून उभे राहिले. दोन्ही वेळा फोन न लावता उतरले. एकदा विचारलं तर म्हणाले, "रेंज बघत होतो."

जून सरला, कपारीखाली खड्डा पुन्हा काठोकाठ झाला. ठरल्याप्रमाणे मी वही काढली आणि सह्यांचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. टँकर एकदाही आला नव्हता. त्यांनी पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मोबाइल घेऊन बाहेर गेले.

दगडावरून त्यांचा आवाज घरात स्पष्ट ऐकू येतो, रेंज कमी असली की ते ओरडून बोलतात.

"हां, मीच बोलतोय. पेपर बंद करायचाय... नाही, नाही, तब्येत ठणठणीत... गावाला नाही हो... किती दिवस म्हणजे? कायमचाच... अहो, चहाला येईन ना कधीतरी, मी काय मेलोय का!"

त्या दिवसाच्या यादीत हे काम नव्हतं. मी पेन घेतलं, शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "पेपर बंद करणे", आणि त्यापुढं बरोबरची खूण केली.